विश्लेषण : कोरोनाचा जास्त धोका आयसीयूतल्या डॉक्टरांना होता की सफाई कामगारांना? अँटीबॉडी चाचण्यांनी काय सांगितलं?

रुग्णालयात कोरोनाची लागण सर्वांत जास्त कोणाला झाली असेल? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाजवळ तासन् तास उभ्या असणाऱ्या आयसीयूतल्या डॉक्टर आणि नर्सना, असंच उत्तर बहुतेक जण देतील. पण एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. आयसीयूत काम करणाऱ्यांपैकी १४.८ टक्के जणांच्या रक्तात कोरोनाविरोधी अँटीबॉडी सापडल्या. साफसफाई करणाऱ्या हाउसकीपिंगच्या कर्मचाऱ्यांमध्ये मात्र हे प्रमाण ३४.५ टक्के होतं, म्हणजे दुपटीहून जास्त.

विशेष म्हणजे तपासणी झालेल्या या सगळ्यांना त्या दिवशी कोणतंही लक्षण नव्हतं. ते नेहमीप्रमाणे कामावर आलेले होते. तरी एकूण जवळपास चारातल्या एकाला संसर्ग होऊन गेला होता.

कोरोनाच्या काळात जगभरातल्या अनेक रुग्णालयांनी आपल्या कर्मचाऱ्यांचे असे अभ्यास केले. 'एकदा होऊन गेला, आता लस कशाला?', 'माझ्या अँटीबॉडी कमी आल्यात, लस वाया गेली का?', 'दोन डोस घेऊनही कोरोना झाला, मग उपयोग काय?' हे व्हॉट्सॲपवर फिरणारे प्रश्न आहेत. त्यांची बरीचशी उत्तरं याच कर्मचाऱ्यांच्या रक्ताच्या नमुन्यांतून मिळाली.

अँटीबॉडी म्हणजे काय?

विषाणू शरीरात शिरला की आपली रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला ओळखून चिकटणारी प्रथिनं तयार करते. त्यांना अँटीबॉडी किंवा प्रतिपिंडं म्हणतात. संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत त्या रक्तात दिसू लागतात.

इथे दोन चाचण्यांमधला फरक लक्षात घ्यायला हवा. नाकात किंवा घशात काडी घालून होणारी आरटी-पीसीआर चाचणी 'आत्ता विषाणू आहे का' हे सांगते. रक्ताची अँटीबॉडी चाचणी 'शरीराची या विषाणूशी आधी गाठ पडली आहे का' हे सांगते. त्यामुळे ज्यांना लक्षणं आलीच नाहीत किंवा ज्यांची वेळेत चाचणी झाली नाही, असे लोकही अँटीबॉडी चाचणीत सापडतात.

अँटीबॉडी विषाणूच्या वेगवेगळ्या भागांविरुद्ध तयार होतात. विषाणूवरचे जे काटे चित्रांमध्ये दिसतात, ते स्पाइक प्रथिन. आतल्या जनुकीय धाग्याभोवती असतं ते न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन. संसर्ग झाला तर दोन्हींविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. कोव्हिशील्डसारखी लस फक्त स्पाइकची ओळख करून देते. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला पूर्ण विषाणू असल्याने तिच्यामुळे इतर भागांविरुद्धही प्रतिसाद तयार होतो. चाचणीचा कोणता किट वापरला यावर उत्तर बदलू शकतं, ते यामुळेच.

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवरच इतके अभ्यास का झाले?

पहिलं कारण म्हणजे धोका. साथीच्या सुरुवातीला रुग्णालयंच संसर्गाची केंद्रं बनत होती. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रल भागातल्या एका खासगी रुग्णालयात २६ नर्स आणि ३ डॉक्टर पॉझिटिव्ह आले आणि महापालिकेने ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. कर्मचारी आजारी पडले की रुग्णसेवा थांबते. शिवाय लक्षणं नसलेला कर्मचारी नकळत रुग्णांनाच संसर्ग देऊ शकतो.

दुसरं कारण सोयीचं आहे. हे लोक एकाच ठिकाणी रोज येतात, त्यांची पुन्हा पुन्हा चाचणी करता येते आणि महिनोन् महिने पाठपुरावा करता येतो. गावात किंवा सोसायटीत हे इतकं सोपं नसतं.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या एका मोठ्या रुग्णालयात ५७८ कर्मचारी तपासले गेले. ९.३ टक्के जणांमध्ये अँटीबॉडी होत्या. ज्यांना संसर्ग झाल्याचं दिसलं, त्यांच्यापैकी ४० टक्के जणांचं निदान आधी झालेलंच नव्हतं. स्वीडनमधल्या डांडेरीड रुग्णालयात २,१४९ कर्मचाऱ्यांपैकी १९.१ टक्के जणांमध्ये अँटीबॉडी आढळल्या. फक्त लक्षणं असलेल्यांचीच चाचणी केली, तर संसर्गाचा मोठा भाग नजरेतून सुटतो, हे या आकड्यांनी दाखवलं.

मग आयसीयूपेक्षा इतर ठिकाणी जास्त संसर्ग का?

बर्मिंगहॅममध्ये सफाई कर्मचाऱ्यांच्या पाठोपाठ नंबर होता तातडीच्या औषधोपचार विभागाचा, ३३.३ टक्के. त्यानंतर जनरल मेडिसिनचे वॉर्ड, ३०.३ टक्के. ऑक्सफर्डच्या रुग्णालयांत दहा हजारांहून अधिक कर्मचारी तपासले गेले, तिथेही सफाई कर्मचारी आणि रुग्णांची ने-आण करणारे यांना धोका जास्त आणि आयसीयूत तुलनेने कमी असल्याचं दिसलं.

यामागे एकापेक्षा जास्त कारणं असू शकतात. आयसीयूत आलेला रुग्ण कोरोनाचा आहे हे आधीच माहीत असतं. त्यामुळे तिथे पूर्ण पीपीई किट, चांगल्या दर्जाचा मास्क आणि किट घालण्या-काढण्याचे कडक नियम असतात. साध्या वॉर्डमध्ये मात्र रुग्ण पोटदुखी किंवा ताप म्हणून दाखल होतो आणि तो पॉझिटिव्ह असल्याचं दोन दिवसांनी कळतं. तोपर्यंत त्याला साध्या मास्कवर हाताळलेलं असतं.

दुसरं कारण विषाणूच्या स्वभावात आहे. कोरोनाचा रुग्ण लक्षणं दिसायच्या जरा आधी आणि सुरुवातीच्या दिवसांत सर्वाधिक विषाणू बाहेर टाकतो. आयसीयूत पोहोचेपर्यंत अनेकांच्या आजाराला आठवडा उलटलेला असतो. म्हणजे सर्वांत गंभीर रुग्ण हाच सर्वांत जास्त संसर्ग पसरवणारा असतो, असं नाही.

तिसरं कारण रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आहे. सफाई आणि मदतनीसांची कामं करणारे बरेचदा कमी पगारावर, दाटीवाटीच्या घरांत राहतात, सार्वजनिक वाहनाने येतात आणि त्यांना घरून काम करण्याची सोय नसते. रक्तातली अँटीबॉडी संसर्ग वॉर्डात झाला की घरी, हे सांगू शकत नाही. त्यामुळे सगळा दोष पीपीईवर टाकता येत नाही, पण तो बाजूलाही काढता येत नाही.

भारतात काय दिसलं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआरने देशातल्या २१ राज्यांमधल्या ७० जिल्ह्यांत सेरो सर्वेक्षणं केली. महाराष्ट्रातले बीड, परभणी, नांदेड, जळगाव, सांगली आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) हे जिल्हे त्यात होते. तिसरं सर्वेक्षण डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळात, म्हणजे लसीकरण सुरू होण्याआधी झालं. त्यात पहिल्यांदाच आरोग्य कर्मचाऱ्यांचे नमुने वेगळे घेतले गेले. त्यांची संख्या सात हजारांहून जास्त होती.

निकाल असा होता : १८ वर्षांवरच्या सर्वसामान्य लोकांमध्ये २१.४ टक्के, तर आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये २५.७ टक्के. पण खरी गोष्ट आतल्या वर्गवारीत आहे. डॉक्टर आणि नर्स २६.६ टक्के, पॅरामेडिकल कर्मचारी २५.४ टक्के, फिल्डवर काम करणारे २५.३ टक्के आणि प्रशासकीय कर्मचारी २४.९ टक्के. म्हणजे रुग्णाला हात लावणारा आणि टेबलावर बसून नोंदी करणारा यांच्यात जेमतेम दोन टक्क्यांचा फरक. संसर्ग खाटेपाशी थांबला नव्हता, तो संपूर्ण इमारतीत होता.

त्याच सर्वेक्षणात शहरी झोपडपट्ट्यांमध्ये प्रमाण ३१.७ टक्के होतं, आरोग्य कर्मचाऱ्यांपेक्षाही जास्त. त्याआधी जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी केलेल्या पाहणीत वस्त्यांमध्ये ५७ टक्के आणि इतर भागांत १६ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी आढळल्या होत्या. रुग्णालयात ज्यांना मामा आणि मावशी म्हणून हाक मारली जाते, त्या वॉर्डबॉय, आया आणि सफाई कामगारांपैकी अनेक जण अशाच वस्त्यांतून ड्युटीवर येतात. त्यांना दोन्हीकडून धोका होता.

अँटीबॉडी असल्या की पुन्हा कोरोना होत नाही?

एप्रिल २०२० मध्ये काही देशांत 'इम्युनिटी पासपोर्ट'ची कल्पना पुढे आली. अँटीबॉडी असलेल्यांना कामाला आणि प्रवासाला मोकळीक द्यायची, असा विचार होता. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा स्पष्ट केलं की यासाठी पुरेसा पुरावा नाही. हा पुरावा पुढच्या काही महिन्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांकडूनच मिळाला.

ऑक्सफर्डच्या रुग्णालयांतल्या १२,५४१ कर्मचाऱ्यांचा पाठपुरावा झाला. सुरुवातीला अँटीबॉडी नसलेल्या ११,३६४ जणांपैकी २२३ जण पुढे पॉझिटिव्ह आले. अँटीबॉडी असलेल्या १,२६५ जणांपैकी फक्त दोघं पॉझिटिव्ह आले आणि दोघांनाही लक्षणं नव्हती.

ब्रिटनमधल्या 'सायरन' नावाच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष एप्रिल २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यातल्या २५ हजारांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये, आधी संसर्ग झालेल्यांना पुन्हा लागण होण्याचा धोका ८४ टक्क्यांनी कमी होता.

म्हणजे संरक्षण मिळतं, पण ते शंभर टक्के नसतं. आधी संसर्ग झालेल्या ८,२७८ जणांमध्ये १५५ जणांना पुन्हा लागण झालीच. अशा काही जणांच्या नाका-घशात विषाणूचं प्रमाण जास्त असल्याचंही दिसलं होतं. त्यामुळे 'मला होऊन गेला, आता मास्क नको' हे त्या काळात रुग्णालयात तरी चालण्यासारखं नव्हतं.

लस घेतल्यावर काय बदललं?

भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झालं आणि पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. दोन-तीन महिन्यांतच दुसरी लाट आली. लसीची ही थेट परीक्षाच होती.

तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २१ फेब्रुवारी ते १९ मे २०२१ या काळातली आपल्या कर्मचाऱ्यांची आकडेवारी तपासली. लस घेतलेल्यांपैकी ९३ टक्के जणांनी कोव्हिशील्ड घेतली होती. दोन्ही डोस पूर्ण झालेल्या ७,०८० जणांपैकी ६७९ जणांना लागण झाली. त्यातले ६४ जण रुग्णालयात दाखल झाले. चौघांना ऑक्सिजन लागला आणि दोघांना आयसीयूत जावं लागलं.

लस न घेतलेल्यांशी तुलना केली, तर दोन डोसमुळे मिळालेलं संरक्षण असं होतं :

- लागण होण्यापासून ६५ टक्के
- रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के
- ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के
- आयसीयूपासून ९४ टक्के

'दोन डोस घेऊनही कोरोना झाला' या तक्रारीचं उत्तर या यादीत आहे. लशीने लागण पूर्णपणे थांबवली नाही, पण आजार जितका गंभीर, तितकं तिचं संरक्षण जास्त होतं.

जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरचं चौथं सर्वेक्षण झालं. तोपर्यंत आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये अँटीबॉडीचं प्रमाण ८५.२ टक्क्यांवर पोहोचलं होतं. मात्र त्यात लस न घेतलेले १०.५ टक्के आरोग्य कर्मचारीही आढळले.

रिपोर्टवरचा अँटीबॉडीचा आकडा किती महत्त्वाचा?

२०२१ मध्ये लस घेतल्यावर अँटीबॉडी मोजून घेण्याची लाटच आली होती. एकाचा आकडा दोनशे, दुसऱ्याचा दोन हजार, मग कोणाची लस चांगली यावर ग्रुपमध्ये वाद. पण हे आकडे असे लावून बघता येत नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांचे किट वेगवेगळ्या एककांत मोजतात. एका लॅबचा दोनशे आणि दुसऱ्या लॅबचा दोनशे हे सारखे असतीलच असं नाही.

भारतातल्या ५१५ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या एका अभ्यासात दोन डोसनंतर कोव्हिशील्ड घेतलेल्या ९८.१ टक्के, तर कोव्हॅक्सिन घेतलेल्या ८० टक्के जणांमध्ये अँटीबॉडी सापडल्या. त्यावरून कोव्हॅक्सिनबद्दल बरीच चर्चा झाली. पण ती चाचणी फक्त स्पाइकविरुद्धच्या अँटीबॉडी मोजणारी होती. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या बाकीच्या कामाची तिच्यात नोंद होत नव्हती.

मग आकड्याला काहीच अर्थ नाही का? तसंही नाही. इस्रायलमधल्या शेबा मेडिकल सेंटरमध्ये लशीचे दोन्ही डोस घेतलेल्या ३९ कर्मचाऱ्यांना लागण झाली. लागण न झालेल्या सहकाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा या कर्मचाऱ्यांमध्ये विषाणू निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडी कमी असल्याचं दिसलं. म्हणजे मोठ्या गटाच्या पातळीवर प्रमाणाचा संबंध दिसतो. पण अमुक आकड्याच्या वर असलेली व्यक्ती सुरक्षित आणि खाली असलेली असुरक्षित, अशी रेघ एका माणसासाठी मारता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२१ मध्ये लसीकरणानंतरचं संरक्षण तपासण्यासाठी या चाचण्या वापरू नका असं सांगितलं, ते याच कारणाने.

अँटीबॉडी कमी झाल्या म्हणजे संरक्षण संपलं?

अँटीबॉडी कालांतराने कमी होतात आणि ते अपेक्षितच असतं. ऑक्सफर्डच्या कर्मचाऱ्यांमध्ये न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धच्या अँटीबॉडी साधारण ८५ दिवसांत निम्म्यावर येत होत्या. स्पाइकविरुद्धच्या अँटीबॉडी मात्र सहा महिन्यांनंतरही बहुतेकांमध्ये टिकून होत्या. त्यामुळे जुना संसर्ग झालेल्या माणसाचा रिपोर्ट एका किटवर निगेटिव्ह आणि दुसऱ्यावर पॉझिटिव्ह येऊ शकतो.

शिवाय रक्तातल्या अँटीबॉडी हा संरक्षणाचा एक भाग झाला. विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या मेमरी बी पेशी आणि संसर्ग झालेल्या पेशी नष्ट करणाऱ्या टी पेशी नेहमीच्या अँटीबॉडी चाचणीत दिसत नाहीत. लागण रोखण्याची ताकद लवकर कमी होते, पण गंभीर आजारापासूनचं संरक्षण जास्त टिकतं, यामागे या पेशींचा मोठा वाटा आहे.

सायरन अभ्यासाचा पुढचा टप्पा मार्च २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. फायझर लशीचे दोन डोस घेतलेल्या, पण आधी संसर्ग न झालेल्या कर्मचाऱ्यांमध्ये लागणीपासूनचं संरक्षण सुरुवातीला ८५ टक्के होतं. सुमारे सात महिन्यांनी ते ५१ टक्क्यांवर आलं. संसर्ग होऊन गेलेल्या आणि नंतर लस घेतलेल्यांमध्ये मात्र ते दीड वर्षानंतरही ९० टक्क्यांच्या वर राहिलं. 'होऊन गेला, आता लस कशाला' याचं हे सरळ उत्तर होतं.

अर्थात हे आकडे ओमायक्रॉनच्या आधीचे आहेत. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉनने जुन्या अँटीबॉडींना बऱ्याच प्रमाणात चकवलं. भारतात १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि सहव्याधी असलेले ज्येष्ठ नागरिक यांना प्रिकॉशन डोस देण्यास सुरुवात झाली.

या आकड्यांत कोण दिसत नाही?

या अभ्यासांच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. त्यात प्रामुख्याने कामावर हजर असलेले, तुलनेने तरुण आणि धडधाकट लोक असतात. घरी आजारी असलेले किंवा दगावलेले कर्मचारी रक्ताचा नमुना द्यायला येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचाऱ्यांचा कोरोनाने मृत्यू झाला असावा. इतका मोठा फरक असलेला अंदाज द्यावा लागतो, कारण अनेक देशांत नीट मोजदादच झाली नाही. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत १६२ डॉक्टर, १०७ नर्स आणि ४४ आशा सेविकांच्या मृत्यूची माहिती दिली. इंडियन मेडिकल असोसिएशनने लगेच आक्षेप घेतला. संघटनेच्या नोंदीत एकट्या डॉक्टरांचाच आकडा ७३४ होता.

डॉक्टरांकडे आकडा ठेवणारी आणि तो मांडणारी संघटना होती. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेल्या वॉर्डबॉय आणि सफाई कामगारांची अशी नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न उरतो. मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या ५० लाख रुपयांच्या विमा योजनेत सफाई कामगार आणि वॉर्डबॉय यांचा उल्लेख होता. पण विम्याचा दावा करायचा तर कोरोनाशी संबंधित कामामुळे मृत्यू झाल्याचं कागदावर दाखवावं लागतं. ज्यांची चाचणी आणि नोंद आधी होते, त्यांना ते सोपं जातं.

पुढच्या साथीसाठी यातून काय घ्यायचं?

मास्क आणि किट कोणाला द्यायचं हे पदावरून न ठरवता, माणूस रुग्णालयात कुठे आणि किती वेळ असतो यावरून ठरवायला हवं. लक्षणं नसलेल्या कर्मचाऱ्यांचीही ठरावीक दिवसांनी चाचणी व्हायला हवी आणि त्यात कंत्राटी कर्मचारी धरायला हवेत. आजारी पडल्यावर घरी थांबलं तर रोज बुडणार नाही, याची हमी असायला हवी, नाहीतर ताप लपवून ड्युटीवर येणं भाग पडतं. कर्मचारी जिथे मास्क काढून डबा खातात, त्या खोलीत हवा खेळती आहे का, हेही वॉर्डइतकंच तपासायला हवं.

यातली कोणतीही गोष्ट महागड्या यंत्राची नाही. बर्मिंगहॅमच्या वॉर्डापासून आयसीएमआरच्या सर्वेक्षणापर्यंतचे आकडे एकच सांगतात : विषाणू हुद्दा बघत नाही. फरशी पुसणाऱ्या मावशींना संसर्ग झाला, तर तो डॉक्टर आणि रुग्ण दोघांपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे पुढच्या साथीत मास्क वाटणाऱ्याने यादी करायला घेतली, तर त्यात मावशींचं नाव शेवटी असून चालणार नाही.